दहा टक्क्यांचा मालक

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण, पण तिथे रेल्वे नाही. त्यामुळे मुंबई-नागपूर मार्गावरून येणारा बुलढाण्याचा माणूस मलकापूरला उतरतो. कापसाचा व्यापार, रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग यांच्या आधाराने हे गाव वाढले. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ते ज्या रीतीने पसरले, ती रीत मात्र विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाची आहे. गावाला लागून असलेले शेत विकले जाते, त्याचे एनए होते, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जातात आणि कोपऱ्यावर एखाद्या देवाचे किंवा बिल्डरच्या मुलाचे नाव मिरवणारा फलक उभा राहतो. प्लॉट घेणारे लोक निरनिराळ्या दिशांनी येतात. मोताळा-नांदुऱ्याकडच्या खेड्यातला, मुलांच्या शाळेसाठी गावात घर बांधणारा शेतकरी असतो, निवृत्तीच्या पैशात घर उभारणारा शिक्षक असतो, बँकेतला माणूस असतो, कपड्याचा दुकानदार असतो. जुन्या गावातल्या गल्लीत शेजार वारशाने मिळत असे. आजोबांचे भांडण नातवाला माहीत असे आणि समेटही. ले-आउटमध्ये शेजार खरेदीखताने मिळतो. एकमेकांना न ओळखणारी माणसे एकाच नकाशावर येऊन राहतात, आणि त्यांच्यात सामाईक काय आहे, हे सांगणारा कागद म्हणून फक्त तो नकाशाच असतो.

या नकाशावर घरे सोडून दोन गोष्टी असतात. एक म्हणजे अंतर्गत रस्ते, आणि दुसरी बहुधा हिरव्या रंगात दाखवलेली खुली जागा. सगळे तिला 'ओपन स्पेस' म्हणतात. मोठ्या ले-आउटमध्ये क्षेत्राच्या दहा टक्के जागा अशी मोकळी सोडावी लागते. ती फुकट मिळालेली नसते. विकणाऱ्याने तिची किंमत उरलेल्या प्लॉटांच्या भावात वसूल केलेली असते, म्हणजे प्रत्येक प्लॉटधारकाने तिचा वाटा भरलेला असतो. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत या जागेबद्दल एक तरतूद आहे, जी गावोगावच्या वसाहतींनी भिंतीवर रंगवून ठेवावी. तिचा आशय असा: ही जागा सर्व रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी आहे, ती रहिवाशांच्या संस्थेकडे निहित झाली असे मानले जाईल, आणि अशी संस्था अजून झालेली नसेल तर ती होईल तेव्हा मालकाने नाममात्र एक रुपयात जागा तिच्या हवाली करावी. कायद्याने एवढे उदार व्हावे, हे क्वचित घडते. पण सगळे अडते ते 'संस्था होईल तेव्हा' या अटीपाशी. मलकापूरसारख्या गावात संस्था होत नाही. अपार्टमेंट असेल तर कशीबशी होते, कारण पाण्याच्या मोटरचे आणि जिन्यातल्या दिव्याचे बिल कोणाला तरी भरावेच लागते. स्वतंत्र घरांच्या वसाहतीत प्रत्येकाची मोटर वेगळी, फाटक वेगळे आणि मीटरही वेगळे. मग एकत्र येण्याचे कारण कोणालाच जाणवत नाही. दहा टक्के जमिनीला कागदावर वारस असतो, पण तो वारस जन्मालाच आलेला नसतो. जुन्या ले-आउटांची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. तिथे ही जागा कुठे पालिकेच्या नावावर असते, तर कुठे सातबाऱ्यावर अजून मूळ शेतमालकच बसलेला असतो.

मालक नसलेली जागा मोकळी राहत नाही, हा माझा पहिला मुद्दा. तिच्यावर आधी गाजरगवत येते, मग वेडी बाभूळ, मग बांधकामाचा उरलेला राडारोडा. मग कोणीतरी एक ओटा बांधतो, ओट्यावर मूर्ती येते, मूर्तीवर पत्रे आणि पत्र्यांनंतर सभामंडप. सभामंडपाला आमदार निधी मिळाला की त्या जागेचा प्रश्न कायमचा सुटला, असे सगळ्यांनी मानायचे असते. मंदिर नकोच असे मला म्हणायचे नाही. वसाहतीतल्या बायकांना संध्याकाळी टेकायला दुसरी जागा नसते, हेही खरे आहे. मुद्दा एवढाच की हा निर्णय कोणी घेतला, हे कुठल्याच वहीत नोंदलेले नसते. तीच गत रस्त्यांची. इथली जमीन काळी, कपाशीची. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते. प्लॉट विकताना टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत तिच्या पोटात जातो. भुयारी गटार नसल्याने न्हाणीचे पाणी रस्त्यावर, आणि रस्ता उताराचा नसल्याने ते शेजारच्या रिकाम्या प्लॉटात. त्या रिकाम्या प्लॉटाचा मालक पुण्याला किंवा सुरतेला असतो. त्याने भाव वाढण्याची वाट पाहत जमीन अडवून ठेवलेली असते आणि त्याच्या डबक्यातले डास शेजाऱ्यांना चावतात. पूर्णेच्या खोऱ्यात, बुलढाण्यापासून अकोला-अमरावतीपर्यंत, खारपाणपट्टा पसरला आहे. जिथे भूजल खारे असते तिथे 'माझी बोअर आहे, मला कोणाची गरज नाही' हा स्वावलंबी बाणाही फार दिवस टिकत नाही. यातला एकही प्रश्न एका घराचा नाही आणि एकट्या घराने सुटणारा नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो पोकळ नाही. नगरपालिका कशासाठी आहे? घरपट्टी आम्ही भरतो, पाणीपट्टी भरतो, मग रस्ता, नाली, दिवे ही तिची कामे आम्ही वर्गणी काढून का करावीत? मोठ्या शहरांत श्रीमंत संकुलांनी स्वतःचे फाटक, पहारेकरी आणि टँकर आणले आणि शहराकडे पाठ फिरवली. त्याचे परिणाम आपण पाहतो. ज्याला पालिकेची गरज उरत नाही तो पालिकेवर ओरडतही नाही, आणि मग फाटकाबाहेरच्याचा आवाज आणखी क्षीण होतो. मलकापूरने तो मार्ग घेऊ नये, असेच मलाही वाटते. पण संस्था ही पालिकेच्या जागी आणायची वस्तू आहे, हे गृहीतच चुकीचे आहे. पालिकेला पत्र कोण लिहिणार? एकट्याने दिलेला अर्ज आवक-जावकच्या शिक्क्यापुढे जात नाही. ठरावाची प्रत जोडलेला, नोंदणी क्रमांक असलेला अर्ज निदान उत्तर मागू शकतो. शिवाय अलीकडचा अनुभव विसरण्याजोगा नाही. 2021-22 च्या सुमारास मुदत संपलेल्या राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका रखडल्याने प्रशासक बसले, आणि मतदान व्हायला 2025 चा डिसेंबर उजाडला. या साडेतीन-चार वर्षांत दार ठोठावायला नगरसेवकच नव्हता. ज्या वस्तीचा गावाशी असलेला दुवा एका नगरसेवकाच्या मोबाइल नंबरापुरता होता, ती वस्ती त्या काळात मुकी झाली. लोकांची स्वतःची, लहानशी का होईना, पण कायम चालणारी सभा असणे हे पालिकेला सूट देणे नव्हे. पालिकेच्या मागे लागायला माणूस ठेवण्याचाच तो प्रकार आहे.

दुसरा आक्षेप अनुभवातून येतो: सोसायटी म्हणजे भांडण. हे नाकारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांचा संसार 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमावर चालतो. 2019 च्या दुरुस्तीने तर त्यांच्यासाठी त्यात स्वतंत्र प्रकरणच आले. पण त्या कायद्याखालचे आदर्श उपविधी वाचताना मुंबईची उंच इमारत सतत डोळ्यांपुढे येते. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का, पार्किंगचे वाटप, गळती कोणाच्या खर्चाने थांबवायची याचे नियम, थकबाकीवर एकवीस टक्क्यांपर्यंत सरळ व्याज आणि वसुलीसाठी निबंधकाचा दाखला. चाळीस स्वतंत्र घरांच्या वसाहतीला यातले निम्मे लागू पडत नाही, आणि उरलेल्या निम्म्यातून सेक्रेटरीच्या हाती फूटपट्टी येते. कोणाच्या पायरीने रस्त्यावर किती इंच अतिक्रमण केले, कोणाची गाय कुठे बांधली, कोणाच्या घरी भाडेकरू कोण आला. ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्याकडे सत्ता जाते, आणि वसाहतीत वेळ बहुधा निवृत्तांकडे असतो. हा टोमणा नाही, कारण कष्टही तेच उपसतात. बाकीचे काय करतात, ते उपविधीतल्या गणपूर्तीच्या नियमातच लिहिले आहे. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी ती सभेला हवी. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब करायची, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची, आणि मग गणपूर्तीची अट नाही. आपण येणार नाही, हे कायद्याने आधीच हेरून ठेवले आहे. आणि पुढे वर्षभर जे निर्णय 'कमिटीने लादले' म्हणून आपण कुरकुरतो, ते बहुधा त्या अर्ध्या तासानंतरच्या सभेत झालेले असतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की भांडणाचे मूळ संस्था असण्यात नाही, संस्थेकडे काय काय सोपवले जाते यात आहे. जे सामाईक आहे तेवढेच संस्थेचे: खुली जागा, तिची सीमा, तिच्यावरची झाडे, रस्ता आणि नालीसाठीचा पाठपुरावा, आणि या सगळ्याचा हिशेब. घराच्या उंबऱ्याच्या आत काय शिजते, कोण राहते, कोण कोणत्या वेळी परतते, हा तिचा विषयच नाही. ही मर्यादा नियमात लिहून घ्यावी, चेअरमनच्या चांगुलपणावर सोडू नये. चेअरमन बदलतात.

ही मर्यादा मी इतक्या हट्टाने मांडतो, त्याला इतिहास आहे, आणि तो सहकाराच्या गौरवग्रंथांत फारसा ठळकपणे येत नाही. मुंबईत गावदेवीला 1915 मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. देशातल्या अशा आरंभीच्या संस्थांत ती मोडते. तिच्यामागे श्रीपाद सुब्बराव तालमकी होते. शामराव विठ्ठल बँकेच्या उभारणीतलेही ते अग्रणी, आणि गृहनिर्माण सहकाराचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. महागड्या, कोंदट भाड्याच्या खोल्यांतल्या मध्यमवर्गाला त्यांनी मार्ग दाखवला, हे मोठेच काम. पण ती संस्था एका ज्ञातीची होती. त्या काळी विश्वासाची दुसरी चौकट हाताशी नव्हती, कर्ज फेडण्याची हमी जातभाईच देत असे, हे समजून घेता येते. नंतर शहरे बदलली, पण चौकट पूर्णपणे मोडली नाही. अहमदाबादेतल्या पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी केला होता. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 2005 मध्ये न्यायालयाने तो उपविधी वैध ठरवला. याच्या उलट अमेरिकेत, जिथे घरमालकांच्या संघटनांचे जाळे आपल्यापेक्षा कितीतरी दाट आहे, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्येच शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सांगितले होते की गोऱ्यांशिवाय कोणाला घर विकायचे नाही, अशा करारांची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत. तिथेही भेद त्याने संपला नाही, पण कायद्याचे बळ त्याच्यामागून निघाले. मलकापुरात मराठा, कुणबी, माळी, बौद्ध, मुस्लिम, मारवाडी अशी सगळी वस्ती आहे. 'चांगले शेजारी' या शब्दांआड काय निवडले जाते, ते ले-आउटमध्ये प्लॉट विकणाऱ्या दलालाला नेमके ठाऊक असते. अशा ठिकाणी नव्या संस्थेच्या हाती 'कोण राहील' हे ठरवायचा अधिकार गेला, तर खुली जागा वाचेल, पण वसाहत बंद होईल. त्यापेक्षा गाजरगवत परवडले. ज्याच्या नावावर प्लॉट, तो सभासद, आणि भाडेकरूलाही सभेत बसायची मुभा, असा साधा नियम हाच त्यावर उपाय.

आता तिसरा आक्षेप, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो असा की कागदी संस्था आपल्या मातीतली नाही. इथे कामे होतात ती गणेश मंडळाने, भंडाऱ्याच्या वर्गणीने, कोणा एका खटपट्या माणसाच्या भिडेने. हे निरीक्षण बरोबर आहे. ज्या वसाहतीत मेंटेनन्स म्हटले की कपाळावर आठ्या पडतात, तिथेच भंडाऱ्याला पोते-पोते गहू येतो. लोक कंजूष नाहीत. आपले पैसे कुठे जातात ते डोळ्यांना दिसले की ते देतात. मंडळाकडून हे शिकण्यासारखे आहे: काम दिसणारे हवे, खर्चाचा कागद फलकावर हवा. पण मंडळ वर्षातून दहा-बारा दिवस जागे असते, आणि ज्या मंडळाची कुठेच नोंदणी नाही त्याच्या नावावर जमीन होत नाही. आणि मातीतली नाही म्हणाल, तर ते फारसे खरे नाही. मलकापूर जिल्ह्याने बुलढाण्याचे असले, तरी लोकसभेला रावेर मतदारसंघात आहे. खानदेश इथून हाकेच्या अंतरावर आहे. त्या खानदेशात, पांझरा आणि मोसम नद्यांवर, शेकडो वर्षे फड पद्धत चालली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतांत जाई, शेते फडांत वाटलेली असत, कोणत्या फडात कोणते पीक हे शेतकरी एकत्र बसून ठरवत. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि पाट साफ करायची वेळ आली की लाभ घेणाऱ्या सगळ्यांवर त्याचा भार. पाटकऱ्याला पाण्यावर अधिकार होता, पण कोणाच्या घरात डोकावण्याचा नव्हता. तो सगळ्यांचा नोकर होता, कोणाचा मालक नव्हता. सामाईक गोष्ट, तिचे मोजके नियम, ते पाळून घेणारा माणूस आणि त्याचा मेहनताना, एवढ्यावर ती व्यवस्था पिढ्यान् पिढ्या टिकली. मेहनतान्याचा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. आपण सेक्रेटरीकडून फुकट काम करून घेतो आणि मग तो सत्तेने मोबदला वसूल करतो. त्यापेक्षा हिशेब लिहायला महिना काही शे रुपये देऊन माणूस ठेवणे स्वस्त पडते.

नोंदणी कोणत्या कायद्याखाली करायची, यावर वाद घालत बसू नये. सहकारी संस्था करायची तर तालुक्याच्या सहायक निबंधकाचे कार्यालय आहे. ज्यांना तो पसारा नको, त्यांना 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसांचे मंडळ काढता येते. मात्र जमीन नावावर घ्यायची असेल तर नगररचना विभागाला आणि पालिकेला कोणती संस्था चालेल, हे आधी विचारून घ्यावे. नव्या ले-आउटमध्ये हे ओझे पूर्णपणे रहिवाशांवर नाही. 2017 पासून अमलात असलेल्या स्थावर संपदा कायद्यात प्लॉटांचे प्रकल्पही येतात, आणि निम्म्याहून अधिक प्लॉटांचे बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत खरेदीदारांची संस्था उभी करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकलेली आहे. खरेदीखताच्या दिवशी किती जण याबद्दल विचारतात? आपण प्लॉट पूर्वमुखी आहे का ते विचारतो, कॉर्नरचे किती जास्त ते विचारतो, आणि दहा टक्क्यांबद्दल गप्प बसतो. मुंबई-पुण्याकडे पाहिले तर या गप्प बसण्याची किंमत कळते. तिथे इमारती उभ्या राहिल्या, संस्थाही झाल्या, पण जमीन वर्षानुवर्षे बिल्डरच्याच नावावर राहिली. शेवटी 1963 च्या मोफा या सदनिका-मालकी कायद्यात 2008 मध्ये दुरुस्ती करून, बिल्डरची सही नसली तरी जमीन संस्थेच्या नावे करून देणारी मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढावी लागली. आणि गुंठ्या-गुंठ्यांनी विनापरवाना विकलेल्या गुंठेवारीच्या वस्त्यांत तर खुली जागा नावालाही ठेवलेली नसते. 2001 च्या कायद्याने त्या नियमित करायची सोय केली, 2021 मध्ये तिची मुदत 2020 अखेरपर्यंतच्या वस्त्यांसाठी वाढवली, पण जी जागा कधी सोडलीच नाही ती कुठलाही कायदा परत आणू शकत नाही. ज्यांच्या नकाशावर तो हिरवा चौकोन अजून शिल्लक आहे, त्यांनी आपले भाग्य ओळखावे.

राहता राहिला पुण्या-सुरतेचा प्लॉटमालक. तो सभेला येणार नाही, वर्गणी देणार नाही, आणि तरीही खुली जागा वाचली तर त्याच्याही प्लॉटाचा भाव वाढेल. फुकट्याचा हा प्रश्न प्रत्येक सामाईक व्यवस्थेत असतो, आणि त्यावर रागावून काही होत नाही. तो रागाच्या पलीकडे आहे, कारण तो इथे नाहीच. पण एक दिवस त्याला प्लॉट विकायचा असतो, आणि त्या दिवशी घेणाऱ्याला संस्थेचा ना-देय दाखला मागायची सवय लागलेली असली, तर वर्षांची थकबाकी एका दुपारी भरली जाते. ही सवय लावायला वसाहतीच्या फलकाखाली एक ओळ पुरते: प्लॉट घेण्यापूर्वी थकबाकीची चौकशी संस्थेकडे करावी. दलालाला ती ओळ आवडणार नाही, पण ती रंगवायला त्याची परवानगी लागत नाही.